येळवशीला शेतातच गाडी बसली: बॅटरी बदलू की आधी तपासू?

औसा_रोड | २० डिसेंबर, सकाळी ८:१२

नमस्कार मंडळी. काल येळवस (वेळ अमावास्या) होती, घरचे सगळे सकाळीच औशाकडच्या शेतात गेलो. कोपीतली पूजा झाली, भज्जी-आंबिलीची पंगत झाली, पोरांनी गाडीची दारं उघडी टाकून दुपारभर गाणी लावली. दिवस मावळताना निघायला चावी फिरवली तर नुसतं कट-कट-कट-कट. सेल्फ फिरेचना. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि विझले. शेजारच्या रानातला ट्रॅक्टर आणून वायर जोडली तेव्हा गाडी चालू झाली.

सोबत आई होती. वय ७६, दम्याचा त्रास. थंडीत तिला कधी रात्री दीड वाजता लातूरच्या दवाखान्यात न्यावं लागतं. त्या वेळी गाडीने असं केलं तर काय, या विचाराने रात्री झोप लागली नाही.

गाडी लहान पेट्रोल, साडेचार वर्षांची. बॅटरी गाडीसोबत आलेलीच, ३५ एएच (अँपिअर-अवर). दिवाळीपासून सकाळचा सेल्फ जड झालाय हे जाणवत होतं. शाळेत मी दुचाकीने जातो, गाडी शनिवार-रविवारीच निघते, फार तर मध्ये एखादी फेरी. बॅटरीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "साडेचार वर्षं झाली ना सर, टाका नवी." जुनी देऊन साडेचार हजार सांगतोय. पैसे घालायची तयारी आहे. पण बॅटरीच गेली आहे हे कशावरून समजायचं? गाणी वाजवून उतरली असेल तर चार्ज करून चालणार नाही का?

मोसंबी | २० डिसेंबर, सकाळी ९:०५

सर, आधी एक विचारतो. ट्रॅक्टरवरून वायर जोडली तेव्हा शेवटचं टोक कुठं लावलं? आमच्या जालन्याकडं सगळे सरळ बॅटरीवरच दोन्ही टोकं लावतात, माझं त्यावर भांडण होतं. लाल वायर आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटचं टोक टेकवताना ठिणगी पडतेच. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि तो पेट घेतो. माझ्या चुलत्याच्या तोंडासमोर बॅटरीचं झाकण उडालेलं मी पाहिलंय. डोळे वाचले, शर्टाची चाळण झाली. गाडी चालू झाली की वायरी उलट्या क्रमानं काढायच्या.

आणि ट्रक किंवा बसवरून कारला कधीच जोडू नका. त्यांची सिस्टीम २४ व्होल्टची असते, कारची १२. गाडीतली सगळी इलेक्ट्रॉनिक्स जळून जाईल.

औसा_रोड | २० डिसेंबर, सकाळी ९:३१

दोन्ही टोकं बॅटरीवरच लावली होती. जवळ पोरं उभी होती. आता वाचून अंगावर काटा आला. पुढे लक्षात ठेवीन.

गोदाकाठ | २० डिसेंबर, दुपारी १:४८

सर, माझा अनुभव सांगते, कारण तुम्ही आत्ता जिथे आहात तिथेच मी दोन वर्षांपूर्वी होते. नांदेडला माझी रात्रपाळी असते, पहाटे सहाला पार्किंगमधून गाडी काढावी लागते. एका पहाटे सेल्फ मेला. दुकानातल्या मुलाने बॉनेट उघडलं, वर्षं मोजली आणि नवी बॅटरी बसवून दिली. मीटर लावलाच नाही. ती नवी बॅटरी चाळीस दिवसांत बसली. वॉरंटीसाठी गेले तर म्हणाले, "ही पूर्ण उतरलेली आहे, डीप डिस्चार्जला वॉरंटी नाही, चार्ज करून देतो." चार्ज करून दिली, तीन आठवड्यांत परत तेच.

शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिकवाल्याने गाडी चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर १२.९ व्होल्ट. अल्टरनेटरचा (चालू इंजिनवर वीज बनवून बॅटरी भरतो तो) पट्टा घासून सैल झाला होता, बॅटरीला चार्जिंग मिळतच नव्हतं. खरा दोष काही शे रुपयांच्या पट्ट्यात होता. मी मात्र बॅटरीचे पैसे भरून बसले, वर नवीन बॅटरीचं आयुष्यही अर्धं घालवलं. आधीची जुनी तर दुकानातच राहिली, ती बहुतेक चांगली होती. म्हणून हात जोडून सांगते, मीटर लावल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

जुना_वायरमन | २० डिसेंबर, संध्याकाळी ७:२०

सर, मी परभणीचा. एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होतो, ३१ वर्षं. ताईंनी सांगितलं ते सोळा आणे खरं आहे. बॅटरी ही पाण्याची टाकी समजा. टाकी रिकामी सापडली तर तीन गोष्टी असू शकतात: टाकीला चीर गेली, भरणारा नळ बंद पडला, नाहीतर कुठून तरी गळतंय. तिन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. आणि एकीचा दोष सापडला म्हणून बाकीच्या दोन सोडू नयेत, कारण पुष्कळदा दोन दोष सोबत असतात.

साधा डिजिटल मल्टिमीटर आणा, तीन-चारशेत मिळतो. शाळेच्या प्रयोगशाळेत असेलच. डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर ठेवा आणि ही चार रीडिंग घ्या.

पहिलं, सकाळी गाडीला हात लावायच्या आधी. रात्रभर गाडी उभी असली पाहिजे. गाडी बंद केल्या केल्या घेतलेलं रीडिंग फसवं असतं, प्लेटांवर वरवरचा चार्ज राहतो आणि आकडा चांगला दिसतो. आत सहा सेल असतात, प्रत्येकी २.१ च्या आसपास, म्हणून पूर्ण भरलेल्या बॅटरीला १२.६ ते १२.७ दिसतं. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव. १०.५ च्या आसपास अडकून बसली तर एक सेल पूर्ण मेला असं समजायचं.

दुसरं, कोणीतरी सेल्फ मारत असताना. आकडा खाली पडणारच, पण ९.६ च्या खाली जाऊ नये. तिसरं, गाडी चालू झाल्यावर: १३.८ ते १४.५ च्या मध्ये हवं. चौथं, चालू गाडीतच हेडलाइट, एसीचा पंखा, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही, सगळं लावून. तेव्हाही १३.५ च्या वर टिकलं पाहिजे.

तिसरं रीडिंग १५ च्या वर गेलं तर सांगा, मग अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडलाय. तो बॅटरीला उकळवून मारतो. बॅटरीची पोटं फुगतात, सडक्या अंड्यासारखा वास येतो.

एक विनंती. आपल्याकडे अजूनही काही मिस्त्री चालू गाडीत बॅटरीची वायर काढून "डायनामो चालतोय का" बघतात. जुन्या गाड्यांना ते चालून जायचं. आताच्या गाडीत बॅटरी सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, जळतो. तो हजारोंचा पार्ट आहे. कोणी तसं करायला लागलं तर हात धरा त्याचा.

औसा_रोड | २१ डिसेंबर, सकाळी ७:४०

काका, मीटर शाळेतून आणला. आत्ता रीडिंग घेतली, मुलाने सेल्फ मारला.
रात्रभर उभी: १२.०८
सेल्फ मारताना: ८.३ (गाडी कशीबशी लागली)
चालू गाडीत: १४.२
सगळं लावून: १३.९
लातूरला आज पहाटे चांगलीच थंडी होती, स्वेटर घालून उभा होतो.

जुना_वायरमन | २१ डिसेंबर, सकाळी ८:५५

नळ चांगला आहे. अल्टरनेटरला हात लावू नका. राहिली टाकी आणि गळती.

परवा शेतातून लातूरला येताना गाडी अर्धा-पाऊण तास चालली असेल. तेवढ्यात बसलेली बॅटरी भरत नाही, म्हणून १२.०८ वरून लगेच बॅटरी मेली असं म्हणता येत नाही. आधी ती बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरा. ३५ एएचला साडेतीन अँपिअर पुरे, दहा-बारा तास. घाई करून मोठ्या करंटवर लावू नका, प्लेटा वाकतात. भरल्यावर मायनसची वायर काढून ठेवा म्हणजे गाडी तिला खाणार नाही, आणि दोन सकाळी रीडिंग घ्या. एकटी पडलेली बॅटरी जर आपोआप उतरली तर दोष तिच्या पोटात.

बॅटरीला वर सहा बुचं आहेत का? असतील तर हायड्रोमीटरही मिळवा, तो आतल्या ॲसिडची घनता मोजतो.

केजकर | २१ डिसेंबर, सकाळी ११:१०

घरच्या इन्व्हर्टरला जोडून चार्ज केली तर? आमच्याकडं लाइटचा खेळ असतो म्हणून इन्व्हर्टर मोठा घेतलाय.

जुना_वायरमन | २१ डिसेंबर, सकाळी ११:३४

करू नका. इन्व्हर्टरचं चार्जिंग १५० एएचच्या ट्युब्युलर बॅटरीच्या हिशोबाने ठेवलेलं असतं, १०-१५ अँपिअर देतं. ३५ एएचची बॅटरी त्यात तापेल आणि पाणी उडेल.

बीड_बायपास | २१ डिसेंबर, रात्री १०:०२

मी संभाजीनगरला याच धंद्यात आहे, म्हणून दुकानाच्या बाजूनं थोडं बोलतो.

आपल्याकडं बॅटरी मरते उन्हाळ्यात आणि मेल्याचं कळतं हिवाळ्यात. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ ला जातो, बॉनेटच्या आत त्याहून कितीतरी जास्त. उष्णतेनं आतली झीज वाढते. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो असा ढोबळ हिशोब आहे. प्लेटांची जाळी गंजते, पाणी उडतं. पण उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं, इंजिन सहज फिरतं, म्हणून मरतुकडी बॅटरीही सेल्फ मारून देते. डिसेंबरात ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त करंट लागतो, आणि त्याच थंडीनं बॅटरीची ताकद कमी होते. त्या कात्रीत ती सापडते. दरवर्षी आमच्या दुकानात पहिल्या कडक थंडीला सकाळी रांग लागते. गिऱ्हाईक म्हणतं, "काल तर चांगली होती!" मी म्हणतो, मे महिन्यापासूनच जात होती.

काही बॅटऱ्यांवर हिरवा-काळा डोळा असतो. तो हिरवा दिसतोय म्हणून लोक निश्चिंत राहतात. पण तो डोळा सहापैकी एकाच सेलचं सांगतो. बाकीचे पाच त्याला दिसत नाहीत.

सर, आवाजावरूनही पुष्कळ कळतं. तुम्ही लिहिलेली भरभर कट-कट-कट ही बॅटरीत जोर नसल्याची किंवा टर्मिनल सैल असल्याची खूण. एकदाच "टक" वाजून शांतता झाली आणि हेडलाइट मात्र लख्ख राहिले, तर दोष बहुतेक सेल्फ मोटरकडं किंवा तिच्या सॉलेनॉइडकडं असतो. दोष सेल्फचा आणि माणूस बॅटरी मागायला आलाय, असं आठवड्यातून एकदा तरी घडतं. टर्मिनल हातानं हलवून बघितलेत का? पांढरी-हिरवी बुरशी आलीय?

औसा_रोड | २३ डिसेंबर, सकाळी ७:१५

टर्मिनल घट्ट आहेत. प्लसवर थोडी हिरवट बुरशी होती, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने साफ केली, कोरडी करून व्हॅसलीन लावलं.

मित्राकडून चार्जर आणला, परवा दिवसभर लावली. मायनस काढून ठेवली आहे.
चार्जर काढून चार तासांनी: १२.५१
काल सकाळी: १२.३१
आज सकाळी: १२.१९

सहा बुचं आहेत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकायला येणाऱ्या मुलाकडे हायड्रोमीटर होता, त्याला काल बोलावलं. पाच सेलमध्ये १.२१ ते १.२३ दाखवलं. प्लसकडून तिसऱ्यात १.१५. त्या सेलमधलं पाणीही जरा गढूळ, तांबूस दिसलं.

जुना_वायरमन | २३ डिसेंबर, सकाळी ९:२८

सर, तुम्ही मनापासून काम करताय, बरं वाटलं.

आता बोलायला हरकत नाही. गाडीपासून सोडवलेली बॅटरी दोन रात्रींत १२.१९ वर आली आणि एक सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५ हून जास्त खाली आहे. तो सेल गेला. तांबूस गढूळपणा म्हणजे प्लेटांचा मसाला झडून पाण्यात आलाय. तो खाली साचून आतल्या आत प्लेटा जोडतो, म्हणून बॅटरी एकटीच उतरते. पावडरी, औषधं, वरून ॲसिड घालणं, काहीही करू नका. ॲसिड घातलं की हायड्रोमीटरचा आकडा चांगला दिसतो, प्लेटा मात्र लवकर संपतात. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं. ॲसिड उडत नाही, पाणी उडतं.

बॅटरी बदलावी लागणार. पण आज नाही. गळती बघितल्याशिवाय नवी बसवली तर तीही याच रस्त्याला जाईल. दिवाळीच्या आधी गाडीत काही नवीन बसवलं होतं का? नीट आठवा.

औसा_रोड | २३ डिसेंबर, दुपारी २:०६

दसऱ्याला मुलाने ॲम्प्लिफायर आणि मागे मोठा स्पीकर बसवून घेतला. संभाजीनगरला जाताना गाणी चांगली वाजावीत म्हणून. त्याने केलं, मी पैसे दिले. त्याचा संबंध असेल?

जुना_वायरमन | २३ डिसेंबर, दुपारी २:४०

असू शकतो. मोजून बघा, मुलावर रागावू नका.

चोरटा करंट मोजायची रीत अशी. गाडी बंद, चावी गाडीपासून लांब, बॉनेट उघडं. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवा, म्हणजे गाडीला दार बंद वाटेल आणि आतला दिवा जाईल. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात टाका. मायनस टर्मिनल सोडवा आणि मीटर मधे घाला: एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सुटलेल्या वायरीला. जोडल्या जोडल्या आकडा मोठा दिसेल, घाबरू नका. गाडीतले कंट्रोलर झोपायला अर्धा तास घेतात. चहा घेऊन या. मीटर लागलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, हेडलाइट लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

अर्ध्या तासानंतर ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर ठीक. घड्याळ, सेंट्रल लॉक, सायरन यांना तेवढं लागतंच. जास्त असेल तर फ्यूज एकेक करून काढा आणि आकडा कुठे पडतो ते बघा. दसऱ्याला बसवलेल्याचा फ्यूज सगळ्यात आधी.

मोसंबी | २३ डिसेंबर, संध्याकाळी ६:१७

काका, दार दाबायची ही युक्ती आमच्या पिकअपला लागू करतो उद्याच. शेतावर गाडी उभी राहिली की आठवड्यात बसते. मी आत्तापर्यंत थंडीलाच दोष दिला.

औसा_रोड | २५ डिसेंबर, सकाळी ११:५०

आज सुट्टी, मुलाला सोबत घेऊन मोजलं.

अर्ध्या तासाने ०.१३ अँपिअर. चाळीस मिनिटांनीही तेच. ॲम्प्लिफायरचा फ्यूज काढला आणि आकडा ०.०३ वर आला. मुलाने वायर शोधली. ॲम्प्लिफायरला चालू-बंद करणारी बारीक वायर चावीच्या लाइनवर न घेता थेट बॅटरीच्या लाइनवर बांधली होती. गाडी बंद असतानाही तो दिवस-रात्र जागाच होता.

हिशोब केला. ०.१३ गुणिले २४ म्हणजे दिवसाला तीन एएचहून थोडं जास्त. सोमवार ते शुक्रवार गाडी उभी, म्हणजे पंधरा-सोळा एएच गेले. ३५ ची जवळजवळ अर्धी बॅटरी दर आठवड्याला रिकामी होत होती, आणि शनिवार-रविवारच्या सात-आठ किलोमीटरच्या फेऱ्यांनी ती कधीच भरली नसेल. असं अडीच महिने चाललं. येळवशीच्या दिवशी दुपारभर गाणी वाजली म्हणून ती बसली एवढंच दिसलं, पण मुळात तिच्यात शिल्लकच नव्हती.

मुलगा गप्प झाला. मी त्याला म्हणालो, वायर तू बांधली नाहीस, बसवणाऱ्याने बांधली. आणि शोधलीस तूच.

गोदाकाठ | २५ डिसेंबर, दुपारी १२:२६

सर, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. तुम्ही २० तारखेलाच नवी घेतली असती तर फेब्रुवारीपर्यंत तीही गेली असती, आणि दुकानदाराने तुम्हालाही "डीप डिस्चार्ज" म्हणून परत पाठवलं असतं.

बीड_बायपास | २५ डिसेंबर, रात्री ९:१५

अर्ध्याखाली उतरलेली बॅटरी दिवसेंदिवस तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात, मग चार्जरनंही विरघळत नाहीत. साडेचार वर्षांची म्हातारी होतीच, गळतीनं तिला लवकर नेलं.

आता घेताना काय बघायचं. गाडीला दिलेला आकार आणि एएच तोच ठेवा. थोडी मोठी बसत असेल तर चालते, लहान नको. बॅटरीवर ३८बी२०एल असा काहीतरी नंबर असतो. त्यातला २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचं एल किंवा आर म्हणजे टर्मिनल कोणत्या अंगाला. हे अक्षर चुकलं तर वायर पोचत नाही, मग कोणीतरी ओढून-ताणून बसवतं आणि ती घासून शॉर्ट होते. जुनीचा फोटो काढून न्या.

बनवल्याची तारीख विचारा. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम. सहा महिने फडताळावर पडलेली बॅटरी न वापरताच उतरलेली असते. तुमच्यासमोर मीटर लावायला सांगा, १२.५ च्या खाली असेल तर घेऊ नका, किंवा पूर्ण चार्ज करून मागा.

वॉरंटीचे महिने दोन तुकड्यांत असतात, हे पाटीवर मोठ्या अक्षरात नसतं. पहिल्या तुकड्यात बॅटरी फुकट बदलून मिळते, दुसऱ्यात फक्त किमतीत सूट. पहिला तुकडा किती महिन्यांचा हेच विचारा, खरी वॉरंटी तेवढीच. कार्डावर गाडीचा नंबर, बॅटरीचा नंबर, तारीख, शिक्का हे सगळं त्याच वेळी लिहून घ्या.

तेरणाकाठ | २६ डिसेंबर, सकाळी १०:४४

धागा पहिल्यापासून वाचला. माझी गाडी सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी आहे. तिला साधी बॅटरी चालते का? दुकानदार म्हणतो चालते, स्वस्तात देतो.

बीड_बायपास | २६ डिसेंबर, सकाळी ११:२०

नाही चालत दादा. तुमच्या गाडीचं इंजिन दिवसातून पन्नास वेळा सेल्फनं उठतं. तिला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे सारखा सेल्फ सोसणारी दणकट बॅटरी लागते, कंपनीनं जी दिली तीच जात. साधी बसवली तर पहिले काही महिने छान चालेल आणि वर्ष-दीड वर्षात जाईल. शिवाय मायनसवर सेन्सर असतो, बदलल्यावर काही गाड्यांना स्कॅनरनं "नवी बॅटरी बसवली" हे सांगावं लागतं.

औसा_रोड | २७ डिसेंबर, संध्याकाळी ६:३३

आज बसवली. ऑक्टोबरात बनलेली मिळाली, दुकानातच १२.६४ दाखवत होती. दुकानदाराने टेस्टर लावून जुनीचीही ताकद बघितली: छापील सीसीए (थंडीत सेल्फ मारायची ताकद) ३००, भरली १४०. म्हणाला, "सर, तुम्ही सगळं तपासूनच आलात." त्याचाही आवाज बदललेला वाटला.

काकांनी फोनशिवाय जवळ बसून शिकवल्यासारखं वाटलं म्हणून बसवायचं काम मीच केलं, मुलगा शेजारी. हातातली अंगठी आणि घड्याळ काढलं. १० नंबरचा पाना. आधी मायनस सोडवला, मग प्लस. बसवताना आधी प्लस, मग मायनस. मुलाने विचारलं हा क्रम का, तर त्याला दाखवलं: मायनस लागलेला असताना प्लस सोडवायला गेलो आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट होतो. मायनस आधी सोडवला की पत्रा मेलेला असतो. बॅटरीचा पट्टाही कसला. खाली रबराची चकती होती ती परत घातली, नाहीतर आपल्या रस्त्यांवर बॅटरी नाचते.

घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावे लागले. ड्रायव्हरची काच एका दाबात वर जात नव्हती, ती पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं तेव्हा जमलं. ॲम्प्लिफायरची वायर चावीच्या लाइनवर घेतली.

सेल्फ मारताना आता १०.८. चालू गाडीत १४.३.

मोसंबी | २७ डिसेंबर, रात्री ८:०९

अभिनंदन सर. जुनी दुकानातच दिलीत ना? आमच्याकडं भंगारवाला दारात येऊन जास्त भाव सांगतो, मग गावाबाहेर बॅटऱ्या फोडून ॲसिड ओढ्यात ओततो आणि चुलीवर शिसं वितळवतो. त्याच ओढ्याच्या कडेला आमच्या विहिरी आहेत. पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून कुणी देऊ नका रे त्यांना. शिसं लहान पोरांच्या मेंदूवर जातं.

बीड_बायपास | २७ डिसेंबर, रात्री ८:५१

भाऊ बरोबर बोलले. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. म्हणून दुकानातच द्या आणि बिलावर जुनीची वजावट लिहून घ्या. बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिसंच असतो, ते पुन्हा वापरता येतं.

जुना_वायरमन | २८ डिसेंबर, सकाळी ७:०२

सर, दर महिन्याला एकदा, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळचं रीडिंग वहीत लिहा. दोन मिनिटांचं काम आहे. एकटा आकडा फारसं सांगत नाही, सहा महिन्यांचे आकडे ओळीने दिसले की उतार कळतो. बुधवारी एकदा गाडी तासभर हायवेला फिरवा, आईंना तुळजापूरला नेलंत तरी चालेल. आणि मे महिन्यात बुचं उघडून पाण्याची पातळी बघा. बोअरचं पाणी घालू नका, आरओचंही नको.

औसा_रोड | १७ मे, सकाळी ६:५५

काका, मे महिना आला. कालचं कमाल तापमान ४१ होतं. गाडी पाच दिवस उभी होती, आज सकाळी १२.५५. वहीतले आकडे: जानेवारी १२.६०, फेब्रुवारी १२.५८, मार्च १२.५९, एप्रिल १२.५६.

बुचं उघडली. पाच सेलमध्ये पातळी खुणेवर आहे, इंजिनकडच्या बाजूच्या सेलमध्ये खुणेच्या जरा खाली गेली होती. डिस्टिल्ड वॉटर सिरिंजने घातलं. त्याच बाजूचा सेल का उतरला असेल?

जुना_वायरमन | १७ मे, सकाळी ८:३०

इंजिनची धग त्या अंगाला लागते म्हणून. बॅटरीभोवती प्लॅस्टिकचं किंवा कापडी आवरण कंपनीने दिलेलं होतं का बघा. बऱ्याच गाड्यांत ते असतं आणि पहिल्या बदलीच्या वेळी दुकानात काढून टाकलं जातं. नसेल तर सर्व्हिस सेंटरला मागा. आणि गाडी दुपारी लिंबाच्या सावलीत लावा.

औसा_रोड | १७ मे, सकाळी ९:१२

आवरण होतं काका, माळ्यावर सापडलं. आज संध्याकाळी बसवतो.